अकरावा फर्मा

लोक कादंबरी पहिल्या पानापासून वाचतात, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आमच्या घरी कादंबरी छापखान्यातून ज्या क्रमाने येईल त्या क्रमाने वाचायची पद्धत होती. आब्बा बाइंडर. घोरपडे पेठेत खाली बाइंडिंगचा कारखाना आणि वर आम्ही राहायचो. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, हाताने फिरवायचं एक कटिंग मशीन, पुस्तकं दाबायची दोन लोखंडी यंत्रं आणि फूफी. छापखान्यातून छापलेले मोठे कागद यायचे, एकेका कागदावर सोळा सोळा पानं. त्याला फर्मा म्हणतात. फर्म्यांच्या घड्या घालायच्या, ते क्रमाने जुळवायचे, शिवायचे, खळ लावून पुठ्ठ्यात बसवायचे, की झालं पुस्तक. पण छापखान्याला क्रमाशी काही देणंघेणं नसतं. आज सातवा फर्मा आला, परवा तिसरा, मध्येच चौदावा. मी घडी घालता घालता मोठ्याने वाचायचे आणि फूफी शिवता शिवता ऐकायची. त्यामुळे कितीतरी कादंबऱ्यांमधल्या बायकांची बाळंतपणं आमच्याकडे आधी झाली आणि लग्नं नंतर. फूफी, म्हणजे आब्बांची विधवा बहीण, सुई थांबवून विचारायची, "आणि असली पुस्तकं कॉलेजात लावतात?" तिसरा फर्मा आला की मग तिचा जीव भांड्यात पडायचा.

घरात आम्ही दखनी बोलायचो. इथे ती मी मराठीत उतरवते आहे. त्यात आब्बांच्या शिव्यांचं फार नुकसान होतं, पण त्याला माझा इलाज नाही. शिव्या सोडल्या तर आब्बा तसे गरीब माणूस. घर चालवायची अम्मी, आणि खळही तीच शिजवायची. कारखान्याच्या मागच्या बाजूला दोन शेगड्या होत्या. एकीवर जेवणाचा दालचा, दुसरीवर खळ. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही, शेवटी किडे लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद टाकायचं. गार होईपर्यंत ती फिरनीसारखीच दिसायची, आणि ईदला आलेला एक मामेभाऊ एकदा वाटी घेऊन बसलाही होता. अम्मीने त्याला नुसतं बघितलं. अम्मीच्या बघण्याने भल्याभल्यांच्या हातातल्या वाट्या खाली जायच्या. वीस वर्षं तिने खळ शिजवली आणि वीस वर्षांत आब्बांचं एकही पुस्तक सुटून परत आलं नाही. याचं श्रेय आब्बा स्वतः घ्यायचे, आणि ती घेऊ द्यायची.

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, मराठी घेऊन. मी मराठी घेतलं याचं आमच्या नातेवाइकांना जेवढं नवल वाटलं, त्याहून जास्त कॉलेजातल्या बाईंना वाटलं. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "अगं, तुझं मराठी चांगलं आहे हं." मी म्हटलं, "तुमचंही चांगलं आहे, बाई." पुण्यात वाढल्याचा एवढा तरी उपयोग व्हायला हवा. त्या वर्षी आम्हाला एक अनुवादित ऐतिहासिक कादंबरी अभ्यासाला होती. कुठल्याशा लांबच्या डोंगराळ देशातली. तिथे एक जनरल सगळा देश मुठीत घेऊन बसलेला, आणि घोड्यांना नाल ठोकणाऱ्या एका कुटुंबातली म्हातारी आई आणि तिचे तीन मुलगे. थोरला जनरलच्याच घोडदळाच्या घोड्यांना नाल ठोकतो, मधला दारू पितो, धाकटा डोंगरात जाऊन जनरलविरुद्ध लढणाऱ्यांना मिळतो. माझ्या वर्गातल्या मुली या कादंबरीची दुकानात वाट बघत होत्या तेव्हा ती आमच्या कारखान्यात गठ्ठ्यांनी पडलेली होती, आणि धाकटा मरतो हे मला तो जन्माला यायच्या आत ठाऊक होतं.

सगळ्यात आवडीचा फर्मा अकरावा. त्यात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे जनरल गच्चीत उभा राहून भाषण करतो: देशाला शिस्त हवी, बोलणं कमी आणि काम जास्त, बघा, गाड्या कशा वेळेवर धावू लागल्या. मी हे वाचायला लागले तेव्हा फूफी म्हणाली, "हे तर स्वारगेटच्या पाटीवर लिहिलंय." खरंच होतं. आणीबाणी लागून थोडेच दिवस झाले होते आणि असली वाक्यं सगळीकडे रंगवलेली होती. दुसरी गोष्ट म्हणजे शिपाई धाकट्याला मारून मारून आईच्या दारात आणतात आणि विचारतात, हा तुझा मुलगा का? हो म्हटलं तर घरातले सगळे जाणार. म्हातारी त्याला नीट निरखून बघते आणि म्हणते, नाही, कोण हा? आणि मुलगाही म्हणतो, मी या बाईला ओळखत नाही. शिपाई त्याला घेऊन जातात, आणि ती आत जाऊन सवयीने चार माणसांच्या भाकरी करते. मी वाचून थांबले तेव्हा फूफी पदराने नाक पुसत होती. अम्मी शेगडीपाशी पाठमोरी होती. ती म्हणाली, "मी असते तर म्हटलं असतं, हो, माझाच मेला आहे. द्या इकडे, आधी दोन थोबाडीत ठेवते, मग तुमचं काय ते बघू." आब्बांना विचारलं तर ते म्हणाले, "घड्या नीट घाल, कोपरे जुळत नाहीयेत."

आणि मग एका दुपारी तात्या आले. तात्या म्हणजे प्रकाशक. शनिवार पेठेत त्यांचं दुकान होतं, त्यात ते गिऱ्हाईक आलं की त्रासिक चेहऱ्याने चष्मा काढायचे. आमचं निम्म्याहून अधिक काम त्यांचं. सायकल भिंतीला टेकवून ते आत आले, बसले नाहीत, आणि म्हणाले, "उस्ताद, अकरावा फर्मा काढायचा."

"काढायचा म्हणजे?"

"काढायचा म्हणजे घालायचा नाही. मराठीतच बोलतोय ना मी? दहाव्यानंतर बारावा. मुलांना नाही का शाळेत वर ढकलत, तसं."

कुठल्याशा कचेरीतून त्यांना निरोप आला होता. लेखक परदेशी आणि मेलेला, अनुवादक बडोद्याला, पुस्तक नेमणारे प्राध्यापक निवृत्त. "राहिलं कोण सापडायला? मी," तात्या म्हणाले. आब्बांनी दहावा आणि बारावा फर्मा शेजारी ठेवून त्यांना दाखवलं. एकशे साठाव्या पानाची शेवटची ओळ अशी होती: म्हातारीने दार उघडलं आणि समोर जो उभा होता त्याच्याकडे पाहून ती. आणि एकशे सत्त्याहत्तराव्या पानाची पहिली ओळ: तीन शेर कांदे घेऊन घरी परतली. तात्यांनी दोन्ही ओळी वाचल्या आणि म्हणाले, "व्याकरणाने बरोबर आहे. आणि विद्यार्थी पुस्तक वाचतात कुठे? ते गाईड वाचतात." काढलेला फर्मा रद्दीत घालू नका, असंही त्यांनी बजावलं. रद्दी भेळवाल्याकडे जाते आणि सारसबागेत जनरलचं भाषण चुरमुऱ्यांबरोबर वाटलं जाईल. जाळून टाका, म्हणाले.

आब्बांना आणीबाणीचं काही वाटत नव्हतं, हे मी स्पष्टच सांगते. हल्ली आमच्या पिढीच्या आठवणी वाचल्या तर पुण्यात तेव्हा प्रत्येक माणूस भूमिगत होता असं वाटतं. मग स्वारगेटला बसच्या रांगेत कोण उभं राहत होतं देव जाणे. आब्बा म्हणायचे, बस वेळेवर येते, चांगलं आहे. पण त्यांना त्यांच्या उस्तादाने धंदा शिकवताना दोन गोष्टी वदवून घेतल्या होत्या. छापलेला कागद जाळायचा नाही, आणि फर्मा सुटलेलं पुस्तक दुकानाबाहेर जाऊ द्यायचं नाही. फर्मा सुटणं म्हणजे आमच्या धंद्यात तोंड काळं होणं. शिलाईला बसायच्या आधी प्रत्येक पुस्तकाच्या कण्यावरून अंगठा फिरवून आब्बा फर्म्यांचे आकडे तपासायचे, आणि तेव्हा त्यांच्याशी कुणी बोललेलं त्यांना खपायचं नाही. आता तेच काम मुद्दाम चुकीचं करायचं होतं. दोन दिवस ते जेवले नाहीत धड. तिसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा पातळ पुठ्ठा आणवला.

त्यांनी काय केलं ते सांगते. मागच्या पुठ्ठ्यावर अकरावा फर्मा घडी घालून सपाट ठेवला, त्यावर अस्तराचा कागद, आणि खळ फक्त चारी कडांना. पुठ्ठा पातळ आणि फर्मा मिळून जाडी नेहमीएवढीच. वरून पाहणाऱ्याला काही कळायचं नाही. "पुस्तक पुरं जाईल," आब्बा म्हणाले. "कुठे काय आहे ते ज्याचं त्याने बघावं." अम्मी म्हणाली, "आणि कुणी बघितलं तर येरवड्याला डबा कोण आणणार? मी?" मग तिनेच खळीचं पातेलं शेगडीवर चढवलं. आम्ही चौघांनी चार दिवसांत सगळी पुस्तकं बांधली. त्या चार दिवसांत अम्मीने खळ इतकी एकजीव शिजवली की आब्बा बोटाने ताणून बघायचे आणि मान डोलवायचे. सगळं झाल्यावर अम्मीने आम्हा दोघींना, मला आणि फूफीला, समोर बसवून सांगितलं, "यातला एक शब्द जरी या घराबाहेर गेला तरी हा माणूस आत जाईल. कळलं?" फूफी म्हणाली कळलं. मीही म्हणाले कळलं.

पुस्तकं दुकानात जायच्या आधी कचेरीतून एक साहेब तपासायला आले. सफारी सूट, हातात रुमाल. त्यांनी गठ्ठ्यातून मधलं एक पुस्तक ओढलं, एकशे साठावं पान काढलं, पुढे एकशे सत्त्याहत्तरावं आहे याची खात्री केली, कांदे वाचले, आणि पुस्तक मिटून मागच्या पुठ्ठ्यावर बोटांनी तबला वाजवत म्हणाले, "बांधणी छान आहे हो." आब्बा खूश झाले. त्यांनी साहेबांना चहा पाजला. साहेबांनी "तपासले, हरकत नाही" असं लिहून सही केली आणि गेले.

हे सगळं इथेच मिटलं असतं. मिटलं नाही ते माझ्यामुळे, आणि त्याला कारण कांदे. बाई वर्गात शिकवत शिकवत एकशे साठाव्या पानावर आल्या, तिथून एकशे सत्त्याहत्तराव्यावर गेल्या, क्षणभर थांबल्या, आणि मग काय झालं कुणास ठाऊक, त्यांना अर्थ लागला. म्हणाल्या, "लेखक इथे कमालीचा संयम दाखवतो. दारात कोण होतं हे तो सांगतच नाही. म्हातारी एकदम कांदे घेऊन येते. कांदा हे अश्रूंचं प्रतीक आहे. तीन शेर म्हणजे तीन मुलगे." साठ मुलींनी खाली माना घालून लिहून घेतलं. पुढे ते गाईडमध्ये आलं, 'कांद्यांचे प्रतीकात्मक महत्त्व' अशा शीर्षकाखाली. आज मला बाईंबद्दल कळवळा येतो. पोटासाठी माणसाला काय काय समजावून सांगावं लागतं! पण तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, आणि आख्ख्या वर्गात दारात कोण होतं ते मला एकटीला माहीत होतं. त्या वयात यासारखी खाज दुसरी नाही.

माझी मैत्रीण सुलभा हडपसरची. तिच्या वडिलांची तिथे शेती होती. ती रोज बसने स्वारगेटला उतरायची आणि तिथून आम्ही दोघी चालत कॉलेजला जायचो. त्या दिवशी परत येताना ती म्हणाली, "आगं झुबे, ह्या बाईला येड लागलंय का? माझी आई रोज कांदं घेऊन येती. कशाचं परतीक हाय ते?"

मी म्हटलं, "तुला खरं सांगू? पण कुणाला बोलणार नाहीस ना?"

"माझ्या बाची शपथ."

मी सांगितलं. नुसतं सांगून थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी तिला हेही सांगितलं की ब्लेडने कापू नकोस, पुठ्ठा खराब होईल. चहाचं आधण उकळायला लागलं की अस्तराची कड त्या वाफेवर धर, शंभर आकडे मोज, मग नखाने हळूच उचल. सगळं वाचून झालं की परत घालून थोड्या खळीने चिकटवून टाक. बाइंडरची मुलगी होते. माझ्या बापाने बांधलेलं फाडावं कसं हे मीच नीट शिकवलं. सुलभाने शपथ पाळली, म्हणजे फक्त तिच्या चुलत बहिणीला सांगितलं. पंधरा दिवसांत मुलींच्या खोलीत मधल्या सुट्टीत स्टोव्हवर किटली सतत उकळत होती आणि चहा कुणी पीत नव्हतं. सुलभा रडून लाल झाली होती. म्हणाली, "आसं पुस्तक आसतंय व्हय गं? मला वाटलं समदी कांद्याचीच आसत्यात." मला फार मोठं काही केल्यासारखं वाटत होतं. अम्मीचं वाक्य मला आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं, आणि तरी छान वाटत होतं.

पुण्यात सरकारला घाबरायचं कारण नसतं. घाबरायचं ते तक्रार लिहिणाऱ्या माणसाला. आमच्या वर्गातली एक मुलगी सदाशिव पेठेत राहायची. तिने वाचून झाल्यावर फर्मा नीट चिकटवला नाही, आणि एके दिवशी टेबल आवरताना तो तिच्या वडिलांच्या पायावर पडला. वडील निवृत्त. त्यांनी आत काय छापलंय हे वाचलंसुद्धा नाही. त्यांनी कागद घेतला आणि पत्र लिहिलं. ते पत्र मी पुढे इतक्यांदा वाचलं की मला पाठ आहे. "आपण प्रकाशित केलेल्या पुस्तकाच्या मागील पुठ्ठ्यात सोळा पाने आढळली. पाने पुस्तकाच्या आत असतात असा आमचा आजवरचा समज होता. तो चुकीचा असल्यास तसे कळवावे. बरोबर असल्यास नवी प्रत द्यावी. खळ निकृष्ट असल्याचे प्रथमदर्शनी दिसते." आणि खाली, त्या काळच्या रीतीप्रमाणे, प्रत माहितीसाठी: विद्यापीठ, दोन वर्तमानपत्रं, ग्राहकांची एक संस्था, आणि ती कचेरी. त्याच कचेरीला का, तर तिच्या नावात 'मुद्रण' हा शब्द होता म्हणून.

सकाळी दहाच्या सुमारास तात्या आणि साहेब बरोबरच कारखान्यात आले. तात्यांच्या हातात ते पुस्तक. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, आणि सायकलच्या क्लिपा पायाला तशाच होत्या. मी कॉलेजला निघाले होते, ती जिन्यातच उभी राहिले. तात्यांनी पुस्तक आब्बांसमोर ठेवलं. आब्बांनी ते उचललं, मागे फिरवलं, अस्तराच्या कडेवरून बोट फिरवलं. कड स्वच्छ सुटलेली होती. ब्लेडची खूण नाही, फाटल्याची रेघ नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला वाटलं होतं ते घाबरतील. ते घाबरले नव्हते. एखाद्याला चारचौघांत थोबाडीत बसावी तसा त्यांचा चेहरा झाला होता. ते पुटपुटले, "सुटली."

साहेबांनी दार लोटून घेतलं. त्यांचीही पंचाईत झाली होती, कारण हेच पुस्तक त्यांनी स्वतः तपासून पास केलं होतं. फर्मा कुणी मुद्दाम दडवला असं ठरलं तर आब्बा जाणार, तात्या जाणार, आणि साहेबांची नोकरी जाणार. म्हणून तोड त्यांनीच आणली होती, लिहूनच आणली होती. आब्बांनी फक्त सही करायची. त्यात म्हटलं होतं की पैसे वाचवण्यासाठी मी पातळ पुठ्ठा वापरून आत टाकाऊ कागद भरला, आणि हलक्या दर्जाच्या खळीमुळे तो बाहेर आला.

आब्बांनी ते सावकाश वाचलं. म्हणाले, "टाकाऊ कागद भरला, ठीक आहे. पातळ पुठ्ठा, ठीक आहे. खळीचं काढा."

साहेब म्हणाले, "अहो, खळ चांगली असेल तर कागद बाहेर आला कसा? म्हणजे कुणी तरी मुद्दाम उघडला. म्हणजे आत आहे हे कुणाला तरी माहीत होतं. मग हे सगळं प्रकरण होतं. खळ वाईटच पाहिजे."

"माझी खळ वाईट नाही."

"उस्ताद," तात्या जवळजवळ रडत म्हणाले, "समोर दिसतंय ना सुटलेली! तुम्ही येरवड्याला जाल आणि मी तुमच्या शेजारी बसेन. तिथे तरी मला तुमचं तोंड बघायला लावू नका."

आब्बा म्हणाले, "चला मग. जाऊ."

मी तेव्हा जिन्यावरून उतरून सांगायला हवं होतं की खळ सुटलेली नाही, वाफेवर सोडवली आहे, आणि कशी सोडवायची ते मी सांगितलंय. साहेबांसमोर ते बोलणं म्हणजे आब्बांना आत पाठवणंच होतं, हे खरं आहे. म्हणून गप्प बसले असं मी स्वतःला कित्येक वर्षं सांगितलं. पण साहेब गेल्यावर कोण अडवत होतं? मला अम्मीची भीती वाटत होती. एवढंच.

मागच्या दारातून अम्मी आली. डोक्यावर पदर, हातात खळीचा पळा. तिने ते सुटलेलं पुस्तक बघितलं, मग आब्बांकडे बघितलं, आणि म्हणाली, "खळ मी शिजवली होती. वाईट झाली असेल. करा सही." आब्बांनी तोंड उघडलं, पण ती पुन्हा म्हणाली, "करा." त्यांनी सही केली, मराठीत, वळणदार अक्षरात. साहेबांनी कागद वाऱ्यावर धरून वाळवला.

त्या दिवसापासून आब्बा स्वतः खळ शिजवू लागले. अम्मीच्या हातून त्यांनी पळा काढून घेतला. भांडण झालं असतं तर बरं, पण तेही झालं नाही. नुसते रोज सकाळी मैदा घेऊन शेगडीपाशी बसायचे, बोटाने ताणून बघायचे आणि मान हलवायचे. गिऱ्हाइकाला देण्याआधी प्रत्येक पुस्तकाची कड नखाने उचकटून बघायची त्यांना सवय लागली. अम्मी बाजूच्या शेगडीवर दालचा करायची आणि पातेल्याकडे बघायची नाही. जी बाई मामेभावाला नुसत्या नजरेने गार करायची, ती दीड वर्ष आपल्याच शेगडीपाशी आरोपीसारखी वागत होती. मी वर बसून हुकूमशाहीत कुटुंब कसं मोडतं यावर दहा गुणांचं उत्तर पाठ करत होते. मला बऱ्यापैकी मार्क पडले. कांद्यांवर मीही लिहिलं.

मग निवडणुका झाल्या, आणीबाणी उठली, आणि पुण्यात सत्कारांचा मोसम आला. शाली मिळेनात. तात्यांचा सत्कार ठरला, कारण सेन्सॉरच्या डोळ्यांत धूळ फेकून पुस्तकाच्या पुठ्ठ्यातून निषिद्ध पानं वाटणारे धाडसी प्रकाशक ते होते. ही गोष्ट तात्यांनी पसरवली नव्हती, आपोआप पसरली. तात्यांनी फक्त ती खोडली नाही. पण माणूस लबाड असला तरी वाईट नव्हता. ते सायकलवरून आले, या वेळी बसले, आणि म्हणाले, "उस्ताद, व्यासपीठावर तुम्ही माझ्या शेजारी बसायचं. काम तुमचं आहे." आब्बा म्हणाले, "ज्या पुठ्ठ्याची खळ सुटली त्याचा कसला सत्कार? लोकांसमोर मला लाज आणू नका." तात्यांनी खूप समजावलं. आब्बा उठून कटिंग मशीनला तेल घालत बसले.

कार्यक्रमाच्या दिवशी आब्बा वरच्या खोलीत एकटेच बसले होते, धुतलेला शर्ट घालून. जायचं नव्हतं तरी शर्ट घातला होता. ते बघून माझ्याने राहवलं नाही. मी त्यांच्या समोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. कांदे, सुलभा, किटली, शंभर आकडे. सांगताना मी रडत होते. मला वाटलं होतं ते मारतील, आणि त्यांनी मारलं असतं तर मला हलकं वाटलं असतं.

त्यांनी मला पुरतं बोलू दिलं. मग विचारलं, "शंभर आकडे?"

"हो."

"शंभरात सुटली?"

"नाही. सुलभा म्हणाली, तीन वेळा धरावी लागली. एकीने तर किटलीभर पाणी आटवलं."

"तीनशे," आब्बा म्हणाले. त्यांचा चेहरा मी दीड वर्षात तसा पाहिला नव्हता. "उकळत्या वाफेवर तीनशे!" मग तो उजेड गेला, आणि ते म्हातारे दिसायला लागले. म्हणाले, "दीड वर्ष मी तिच्या हातून पळा काढून घेतला होता. आणि तू बघत होतीस."

ते उठून खाली गेले. जिन्याच्या तोंडाशी उभी राहून मी ऐकत होते. आब्बांनी तिला माझं आणि किटलीचं सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "खळ बरोबर होती तुमची." मग अम्मी रडायला लागली. मी तिला त्याआधी कधी रडताना ऐकलं नव्हतं, आणि तो तिचाच आवाज आहे हे कळायला मला वेळ लागला. मी जिन्यावर बसून हाकेची वाट बघत राहिले. हाक आली नाही. संध्याकाळी ती ताट घेऊन वर आली, माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "आप जेवून घ्या." मी ताटाकडे बघत राहिले. आमच्यात आई मुलीला 'आप' म्हणत नाही. 'आप' पाहुण्यांना म्हणतात, व्याह्यांना म्हणतात, साहेबांना म्हणतात. पुढे महिनाभर अम्मी माझ्याशी इतक्या अदबीने बोलली की फूफीसुद्धा घाबरून माझ्या शेजारून उठून जायची. आपण चहा घेणार का? आपल्याला उशीर होत नाही ना? मी पाया पडले, रडले, दोन दिवस जेवले नाही. तिने विचारलं, "आपली तब्येत बरी नाही का?"

आणि मग एका सकाळी मी वर केस विंचरत होते, खाली मैद्याचा वास सुटला होता, आणि अम्मीचा आवाज आला, "अगे झुबे, मेले, आरशासमोर किती वेळ मरशील? खळ ढवळायला ये, गुठळ्या होतायत!" मी फणी तशीच केसांत ठेवून जिना उतरले, शेवटच्या तीन पायऱ्या तर उडीच मारली.